आतून कापलेलं शेत

“विळा खाली ठेव,” भाऊजी म्हणाले.

“आधी तुम्ही तो कोट काढा,” धाकटी म्हणाली.

भर उन्हात दोघं बांधावर उभी होती. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्या अंगात शिंप्याकडून चार दिवसांसाठी मागून आणलेला काळा कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. धाकटी म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. दोघांच्या पलीकडे त्यांचा गहू, रस्त्याहून दोन-तीन हात उंचावर, पण पार डांबरी रस्त्याला भिडलेला.

“कोटाचा आणि गव्हाचा काय संबंध?”

“तुमच्या अंगावर कोट आहे म्हणून माझ्या शेतात गहू उभा आहे. एवढाच संबंध.”

“मंत्री येणारेत. देशाचे शेतीमंत्री. आपल्या शेतात पहिला विळा ते लावणार. साऱ्या मुलखातून आपलं शेत निवडलं, आणि तू...”

“आपलं शेत रस्त्याला लागून आहे म्हणून निवडलं. गाडीतून उतरलं की पायाला चिखल लागत नाही.”

मी ओढ्याच्या अलीकडे माझ्या खळ्यावर भुसा गोळा करत होते. सगळं ऐकू येत होतं. माझा गहू केव्हाच पोत्यात गेला होता, कारण माझं शेत आडवळणाला. तिकडे मंत्र्याची नजर जाणार नव्हती, म्हणून सरकारचीही गेली नाही. धाकटीनं माझ्या खळ्याकडे तोंड करून, पण नवऱ्याला उद्देशून म्हटलं, “काही लोकांचं बरं असतं. आडोशाला असतात.”

मी केरसुणी जोरात आपटली. आमचं बोलणं तेव्हा तुटलेलं होतं. म्हणजे एकमेकींशी बोलायचो नाही, एकमेकींना ऐकू जाईल असं बोलायचो.

गहू कसा झाला होता ते सांगायला हवं. हिरवा रंग जाऊन सोनेरी येतो तो सगळ्यांना आवडतो, फोटो त्याचाच काढतात. पण सोनेरीच्या पुढे आणखी एक रंग असतो, फिकट, उन्हात पडलेल्या हाडासारखा. तो आला की शेतात पाऊल जपून टाकावं लागतं. ओंबीला नुसता कपडा घासला तरी दाणा खाली. धाकटीचा गहू त्या रंगावर आला होता. वारा सुटला की शेतातून बारीक सरसर ऐकू यायची. शहरातल्या माणसाला ते गाणं वाटेल. धाकटीला त्यात दाणे पडताना ऐकू यायचे. त्या गव्हावर तिच्या घराची वर्षाची चूल होती आणि पुढच्या वर्षाचं बियाणंही. दुसरं काही पेरलेलंच नव्हतं.

हा सगळा घोळ छत्रीसाहेबांनी घातला. ते शेतीखात्याचे अधिकारी. उन्हात, पावसात, जीपमध्येसुद्धा त्यांची छत्री मांडीवर असायची. नव्या वाणाचं बी त्यांनीच गावात वाटलं होतं, आणि बी चांगलं होतं, ते नाकारून चालणार नाही. ओंबी अशी भरली की गव्हाचं ताट वाकलं. पण पीक तयार होताच साहेब आले आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या शेतांना रंगीत दोऱ्या बांधून गेले.

“मंत्रीमहोदय गाडीतून बघत येणार,” ते म्हणाले. “दोन्ही बाजूंना सोनं डोलताना दिसलं पाहिजे. महोदयांनी पहिला विळा लावल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. लावला, तर पुढच्या हंगामाला बी नाही आणि कालव्याच्या पाण्याची पाळीही नाही.”

“साहेब, गव्हाला कळतं का हे?” धाकटीनं विचारलं होतं.

“काय?”

“थांबायचं ते.”

गाव हसलं. गावकारभारी मात्र हसले नाहीत. त्यांचं सगळ्यात मोठं शेत रस्त्याला होतं आणि मंत्र्याशेजारची खुर्चीही त्यांची होती. ते म्हणाले, “बाई, मानाचा प्रसंग आहे. जरा जिभेला लगाम घाल.”

आता शेतीमंत्री म्हणजे आम्हाला नवीन गोष्ट नव्हती. राजधानीत कोण बसलंय, त्याचं नाव काय, हे आमच्याकडे कुणी लक्षात ठेवत नाही. मागं काय ठेवून गेले त्यावरून आम्ही मंत्री ओळखतो. एक झाडवाले होते. वारा अडवायचा म्हणून त्यांनी बांधाबांधावर झाडं लावायला लावली. झाडं आमच्या डोक्यावर गेली तोवर दुसरे आले, ते म्हणाले झाडं जमिनीतलं पाणी पितात, तोडा. ते खुंटवाले. त्यांचे खुंट अजून नांगराला लागतात. मग यंत्रवाले. त्यांनी दिलेलं मळणीचं यंत्र एक हंगाम चाललं, मग त्याचा कुठलासा दात मोडला, तो दात देशात कुठंच मिळेना. त्यात आता कोंबड्या अंडी घालतात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सांगायचे की त्यांच्या तरुणपणी एक विहीरवाले आले होते. ते कमी बोलले. शेतकऱ्यांबरोबर जमिनीवर बसले, पाण्याची जागा विचारली आणि खणायला लावलं. त्या विहिरीचं पाणी आम्ही आजही पितो. आणि एक मंत्री बराच काळ आजारी होते. त्यांच्या कारकिर्दीत कुणाचा काही हुकूम आला नाही. मामंजी म्हणायचे, तेवढी वर्षं सुखाची गेली.

तर असे हे नवे येणार होते. ठरल्या दिवशी मांडव पडला, खुर्च्या आल्या, भाऊजींनी कोटाची बटणं लावली. दुपारी निरोप आला, सभागृहात काहीतरी मतदान आहे. मांडव निघाला. पुन्हा दिवस ठरला. मांडव पुन्हा पडला. या वेळी ते परदेशी गेले होते, तिथली शेती बघायला.

“तिथला गहू कापायचा राहिला असेल,” धाकटी म्हणाली.

गहू वाळत होता. पाखरांचे थवे उतरायला लागले, तेव्हा साहेबांनी राखणदार नेमायचं ठरवलं, आणि नेमलं कुणाला, तर आमच्या ह्यांना. पगार काही नाही, एक शिट्टी दिली. ह्यांनी ती गळ्यात घातली आणि त्या दिवसापासून माणूस बदलला. पाखरांवर शिट्टी, गुरांवर शिट्टी. मी पाण्याचा हंडा घेऊन बांधावरून निघाले तर माझ्यावर शिट्टी.

“अहो, मी बायको आहे तुमची.”

“ड्यूटीवर नातं नसतं,” हे म्हणाले.

“मग जेवायला ड्यूटीवरच थांबा.”

त्या संध्याकाळपासून माझ्यावर शिट्टी वाजली नाही.

मग हवा फिरली. सकाळी आभाळ निळं असायचं, पण दुपारपासून पश्चिमेला मळकट रंग चढायचा. अंगाला कपडे चिकटायचे, गुरं दावणीला पाय आपटायची. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्या. या दिवसांत आमच्याकडे पाऊस आला तर एकटा येत नाही, गारा घेऊन येतो. गावातला जो तो मान वर करून चालायचा आणि एकमेकांवर आदळायचा. कारभारीसुद्धा बोलता बोलता मधेच आभाळाकडे बघायचे आणि मग आपण बघितलंच नाही असं दाखवायचे.

अशात छत्रीसाहेब जीप उडवत आले. चेहरा उतरलेला.

“मंत्री बदलले,” ते म्हणाले.

“म्हणजे?” कारभाऱ्यांनी विचारलं.

“रात्रीतून खाती फिरली. शेतीला नवे आलेत. आधी बंदरं बघायचे.”

“मग कार्यक्रम रद्द?” धाकटी पुढे झाली. तिच्या आवाजात आशा होती.

“रद्द कसा होईल? मांडवाचा खर्च पडलाय. कार्यक्रम तोच, फक्त मंत्री नवे. आठवड्याभरात तारीख कळवतो. तोवर दोरीच्या आत पाय नको.”

“आठवडा!” धाकटी ओरडली. “साहेब, वर बघा. छत्री बाजूला करा आणि एकदा वर बघा!”

साहेबांनी वर बघितलं नाही. भाऊजींनी तिचा हात धरून तिला मागं ओढलं. “मी शब्द दिलाय,” ते दबल्या आवाजात म्हणाले.

“शब्द दळून खाणार आहात?”

दिवस कलताना ती माझ्या अंगणात आली. माझ्याशी बोलली नाही. दावणीला बांधलेल्या माझ्या वासराजवळ जाऊन उभी राहिली आणि त्यालाच म्हणाली, “तू सुखी आहेस बाबा. तुला कुणी विचारत नाही, तू कुणाला विचारत नाहीस.”

या वासरावरूनच आमचं फाटलं होतं. मागच्या हंगामात ते दावं तोडून ओढ्याच्या बाजूनं तिच्या शेतात शिरलं आणि रोज मधलं पीक खात राहिलं. कडेला हात लावला नाही. रस्ता खाली, शेत वर, त्यामुळे रस्त्यावरून बघितलं तर शेत जसंच्या तसं. आत मात्र खळं होईल एवढी जागा साफ. धाकटीला कळलं तेव्हा तिनं मला जे काही ऐकवलं, ते सांगण्यासारखं नाही. मी जे ऐकवलं तेही नाही.

मी भुसा घालत वासरालाच म्हणाले, “विचारायची गरज काय? कळलं कुणाला, तू खाल्लंस ते? बाहेरून दिसलं का कुणाला?”

धाकटीचा हात वासराच्या मानेवर थांबला. माझा भुशात थांबला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. किती महिन्यांनी बघत होतो!

“जाऊबाई,” ती म्हणाली.

“बोल.”

“आतून?”

“आतून,” मी म्हणाले. “ओढ्याकडून शिरायचं. कडेला दोन-तीन हात गहू उभा ठेवायचा, चारी बाजूंनी. त्यांना सोनं डोलताना बघायचंय ना? बघू देत.”

“पेंढ्या?”

“माझ्या खळ्यावर. माझ्या भुशाच्या गंजीमागं कोण बघतंय?”

तिनं तोंडावर हात दाबला. मला वाटलं रडते, तर हसत होती. “आणि दादा? शिट्टी?”

“दादाची शिट्टी माझ्या चुलीवर शिजते,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही ओढ्यातून वर चढलो. पहाटेचं दव असतं तोवर ओंबी मऊ राहते, दाणा धरून ठेवते. म्हणून वाळलेला गहू सकाळीच कापायचा. ऊन चढलं की थांबायचं. बसून कापत गेलो, कारण उभं राहिलं तर डोकं दिसलं असतं. मूठ धरायची, विळा बुडाशी घालायचा आणि हलकेच आपल्याकडे ओढायचा. धाकटी पुढे, मी मागे. बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि त्या सकाळी आम्ही जितकं बोललो तितकं वर्षभरात बोललो नव्हतो.

“तुमच्या वासराला मी शिव्या दिल्या.”

“मला दिल्यास. वासराला समजत नाहीत.”

“तुम्ही माझ्या माहेराला दिल्या.”

“मूठ नीट धर. दाणे सांडतेस.”

गव्हाच्या भिंतीत एकाएकी हालचाल झाली आणि दोन ताटांच्या मधून आमच्या ह्यांचं तोंड दिसलं. तोंडात शिट्टी. आम्ही विळे हातात घेऊन बसलो तशाच बसलो. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं, कापलेल्या पट्ट्याकडे बघितलं. शिट्टी तोंडातून काढली, पुसली, खिशात ठेवली.

“मी पाखरांचा राखणदार,” हे म्हणाले. “पाखरं वरून येतात. खाली बघायला मला सांगितलेलं नाही.”

जाता जाता मागं वळून म्हणाले, “जीप दिसली तर दोनदा वाजवीन.”

असं आमचं चाललं. दिवसा शेत उभं दिसायचं, छत्रीसाहेब रस्त्यावरून बघून समाधानानं जायचे, आणि आत मोकळी जागा वाढत जायची. भाऊजींना पत्ता नव्हता. ते कोट जपण्यात गुंतलेले. एकदा धाकटीचे हात बघून त्यांनी विचारलं, “हे काय, ओरखडे कसले?” ती म्हणाली, “वाट बघून बघून पडलेत.” ते कोटावरची धूळ झटकत बसले.

मधला सगळा गहू माझ्या खळ्यावर आला, त्याच दुपारी निरोप आला. उद्या येणार. नक्की.

धाकटीची चूल वाचली होती. तिनं मोकळं व्हायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मांडवाकडे जाताना ती रस्त्याच्या दोन्ही अंगांची शेतं बघत चालली होती. सगळी उभी, सगळी हाडाच्या रंगाची. पश्चिमेचा मळकट रंग आज सकाळीच अर्ध्या आभाळावर आला होता.

“आपण या सगळ्यांना सांगायला हवं होतं, जाऊबाई.”

“सांगितलं असतं तर दुपारपर्यंत साहेबांच्या कानावर गेलं असतं.”

“म्हणून यांचं गेलं तरी चालेल?”

 मी भरभर चालू लागले.

मंत्री आले. मागं गाड्यांची रांग. माणूस मध्यम वयाचा, थकलेला, बुटांना पॉलिश. कारभाऱ्यांनी लाल रिबीन बांधलेला विळा त्यांच्या हातात दिला. भाऊजी कोटात उभे, मान ताठ. ठरलं होतं असं, की मंत्री कडेला उभे राहून एक मूठ कापतील, फोटो होईल, मग भाषण. पण फोटोवाला नडला.

“साहेब, जरा आत शिरा ना. कमरेइतक्या गव्हात उभे राहिलात तर फोटो झकास येईल.”

मंत्र्यांनी पाय उचलला.  धाकटी ओरडली, “साहेब, आत साप आहे!”

सगळे जागच्या जागी थिजले. छत्रीसाहेब दोन पावलं मागं सरले. मंत्रीही थांबले, पण फोटोवाल्याच्या हातातला कॅमेरा त्यांच्याकडेच रोखलेला होता. त्यांनी छाती काढली. “शेतकरी रोज सापात राबतो,” ते मोठ्यानं म्हणाले, “मग त्याचा मंत्री घाबरेल?”

टाळ्या पडल्या आणि मंत्री गव्हात घुसले. एक पाऊल, दोन, तीन. मग ताटं त्यांच्यामागं मिटली आणि खाली रस्त्यावरून माणूस दिसेनासा झाला. बाहेर सगळे वाट बघत राहिले. आतून आवाज नाही.

“साप दाखवते त्यांना,” धाकटी म्हणाली आणि आत शिरली. मागोमाग मी. तिसरं कुणी आलं नाही, सापाची भीती होती ना.

मंत्री मोकळ्या शेताच्या मधोमध उभे होते. हातात रिबिनीचा विळा. पायाखाली नुसती धसकटं, चारी बाजूंना गव्हाची भिंत. काल विसरलेली माझी पाण्याची कळशी एका कडेला. ते गोल फिरून बघत होते. घर चुकलेल्या माणसासारखा चेहरा.

“हे कुणी केलं?” त्यांनी हळू विचारलं.

“मी,” धाकटी म्हणाली.

“आम्ही,” मी म्हणाले.

“का?”

“पिकला म्हणून,” धाकटी म्हणाली. “दुसरं काय कारण असतं, साहेब, कापायला?”

मला वाटलं आता हाक मारतील, पोलीस येतील, बी जाईल, पाणी जाईल. मंत्री खाली वाकले आणि बुटांसकट धसकटांत बसले. “पाणी आहे का त्यात?”

मी कळशी पुढं केली. ते शिळं पाणी त्यांनी वरून ओतून प्यायलं. अर्धं शर्टावर सांडलं.

“हे खातं मला या आठवड्यातच मिळालं,” ते म्हणाले. “त्याआधी बंदरं होती. बंदरात जहाज थांबवलं तर थांबतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मावशी, माझ्याआधीचे मंत्री आठवतात तुम्हाला?”

“नावं नाही आठवत. झाडवाले आठवतात, खुंटवाले आठवतात. विहीरवाल्यांना मी बघितलं नाही, पण तुम्ही आता प्यायलात ते पाणी त्यांचं.”

त्यांनी कळशीकडे बघितलं. “आणि मला काय म्हणाल?”

मी धाकटीकडे बघितलं. ती सरळ त्यांच्यासमोर बसली, विहिरीवर शेजारणीशी बसावं तशी.

“ते अजून ठरलं नाही. माझा गहू घरात आलाय, साहेब, माझं मागणं नाही. पण तुम्ही येताना रस्त्याला जो गहू बघितलात, तो तुमच्यासाठी उभा आहे. वर बघा.”

या माणसानं मात्र वर बघितलं. आभाळ इतकं खाली आलं होतं की हात लावावा.

“बाहेर जाऊन एवढंच सांगा, कापा म्हणून.”

“कार्यक्रम ठरलेला आहे. भाषण खात्यानं लिहून दिलंय. मी मधेच असं काही बोललो तर खात्याचे लोक...”

“खातं तुमचं, की तुम्ही खात्याचे?” धाकटीनं विचारलं.

बाहेरून छत्रीसाहेबांचा घाबरा आवाज आला, “महोदय! चावला का?”

“नाही,” मंत्र्यांनी ओरडून सांगितलं आणि उठले. कपडे झटकले. आणि आले तसे बाहेर गेले. कडेची एक मूठ कापली, हात उंच केला. फोटो झाला. भाऊजी मात्र फोटोत आले नाहीत. ते ताटांच्या फटीतून आत बघत उभे होते. मोकळं शेत बघून त्यांचा रंग गेला. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, कोट दोन्ही हातांनी पसरून त्या फटीसमोर उभे राहिले.

मांडवात मंत्री भाषणाला उभे राहिले. कागद काढले. गठ्ठा जाड होता.  त्यांनी वाचायला सुरुवात केली. देशाची कोठारं, शेतकऱ्याचा घाम, नवं वाण, नवी पहाट. पहिलं पान संपलं. दुसरं सुरू झालं. धाकटीनं माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या हातावरचे ओरखडे मला टोचले.

“नाही बोलत,” ती म्हणाली. “हाही नाही बोलत.”

लांब कुठं तरी गडगडलं. मांडवाचं कापड फुगलं, बसलं. माणसं खुर्चीच्या कडेला आली होती, पण उठायची हिंमत कुणात नव्हती. पुढच्या रांगेत कारभारी होते आणि ते मान डोलवत होते.

मंत्री तिसऱ्या पानाच्या मध्यावर थांबले. त्यांनी कागदावरून नजर उचलली, आम्हाला शोधलं, सापडलो. मग कागद घडी करून खिशात घातले.

“बाकीचं छापून येईल,” ते म्हणाले. “जा, गहू कापा.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागच्या रांगेतून कुणी तरी उठलं, आणि मग सगळा मांडवच उठला. खुर्च्या पडल्या, माणसं धावत सुटली, बायका विळ्यांसाठी घराकडे, पुरुष शेताकडे. टाळी एकानंही वाजवली नाही. टाळी वाजवायला हात रिकामे कुठं होते? आमच्या ह्यांनी शिट्टी काढली आणि रस्त्यानं वाजवत पळाले, “कापा! कापा!” छत्रीसाहेब रंगीत दोऱ्या गोळा करत या शेतातून त्या शेतात जात होते आणि वाऱ्यानं त्यांची छत्री उलटी केली होती.

आम्ही दोघी शेजारच्या शेतात शिरलो, कुणाचं ते विचारलं नाही. माझ्या बाजूला कुणी तरी घोड्यासारखं धापा टाकत कापत होतं. बघितलं तर भाऊजी, कोटासकट.

“कोट काढा!” धाकटी ओरडली.

“वेळ नाही!” भाऊजी ओरडले.

मुठीत मावेल एवढाच वेळ मिळाला आणि मग गारा आल्या. सगळं नाही वाचलं. कुणाचं निम्मं घरात आलं, कुणाचं पाव. धाकटीच्या शेताची ती कडेची भिंत आडवी झाली आणि आतलं मोकळं शेत सगळ्या गावाला दिसलं. सगळ्यात वाईट झालं कारभाऱ्यांचं. मंत्र्यांच्या गाड्या मार्गी लागेपर्यंत ते हात जोडून उभे होते. त्यांच्या शेतात विळा पोचलाच नाही. संध्याकाळी ते धाकटीच्या बांधावर आले, तिच्या धसकटांकडे बघत उभे राहिले. ती म्हणाली, “बी लागलं तर माझ्याकडून घेऊन जा, काका.” ते तसेच घराकडे वळले. पण पेरणीच्या आधी पोतं घेऊन आले.

वर्तमानपत्रात फोटो आला. खालचा मजकूर मी अक्षर अक्षर लावून वाचला. ‘भरघोस पिकात शेतीमंत्री’ असं होतं. शर्टावर पाणी सांडलेलं दिसत होतं. मी तो फोटो वासरालाही दाखवला.

मळणी व्हायच्या आत मंत्री पुन्हा बदलले. ते आता टपाल बघतात म्हणे. त्यांचं नाव काय ठेवायचं यावर गावात वाद झाला. कुणी म्हणालं सापवाले, कुणी म्हणालं, सगळ्या मांडवाला पळायला लावलं म्हणून पळामंत्री. धाकटीला विचारलं तर म्हणाली, “तिसऱ्या पानावर थांबले. दुसऱ्यावर थांबले असते तर विहीरवाल्यांच्या शेजारी बसवलं असतं.” तेव्हा ते पळामंत्रीच राहिले.

शिंप्यानं कोट परत घेतला नाही. भाऊजी तो आता शेतातच घालतात.

परवा छत्रीसाहेब पुन्हा आले. छत्री नवीन. बांधावर उभे राहून म्हणाले, “यंदा कापणीचा कार्यक्रम नाही.”

“बरं झालं,” भाऊजी म्हणाले.

“यंदा पेरणीचा आहे. नवे मंत्री स्वतःच्या हातानं पेरणीला सुरुवात करणार. तारीख कळवतो. तोवर रस्त्याकडच्या शेतात कुणी दाणा टाकायचा नाही.”

जमिनीत ओल होती. मूठभर माती दाबली तर गोळा होत होता. ही ओल चार दिवस राहते, मग उडते, आणि उडाली की वर्ष गेलं.

साहेबांची जीप वळणाआड गेली. धाकटी तशीच बांधावर उभी राहून शेताकडे बघत होती. मग तिनं माझ्या अंगणाकडे बघून हाक मारली, “जाऊबाई, आतून पेरता येतं का हो?”

मी बियाण्याची टोपली कमरेला लावून ओढ्याकडे निघालेच होते.

“कडेच्या दोन ओळी तेवढ्या त्यांना ठेव,” मी म्हणाले.